नांदेडला ठिवलेली नक्कल

दुसऱ्या वर्षीच्या खंडेनवमीला तिथं कोन कोन हुतं ते आदी सांगते, म्हंजे मंग मधीच इचारायला नको. मी हुते. माझी सून हुती, चाकूरकडची, क्लासमधी नेटवर्कचं काम बघनारी. क्लासचे मालक हुते. त्यांला समदे सर म्हनतात, मीबी सरच म्हनते, वयानं ते माझ्या लेकायवढे असले तरी. सरांच्या आई हुत्या, माझ्याच वयाच्या, पूजा सांगनाऱ्या. आन नांदेडच्या शाखेतला हदगावचा गडी हुता, म्हंजे अंगानं नांदेडला आन फोनमधून लातुरात. बास. पोरं मेसमधी जेवायला गेली हुती, त्यांला धरत न्हाई.

माझी शाळा दुसरीपतुर. सही येती. मी बोलते आन नात लिहिती. तिनं मधी सुदरायचं न्हाई असं ठरलंय.

भूकंपात आमचं घर बसलं. माझे मालक गेले, थोरली लेक गेली. ल्योक तेवढा वाचला, बारका हुता. त्याला घिऊन पत्र्याच्या शेडात ऱ्हायले, मंग सरकारी घरात, मंग लातुरात आले. दर खेपंला चूल नवी मांडली. रडायला येळ मिळाला न्हाई, आन नंतर येळ मिळाला तवा सवय गेली हुती. लातुरात त्या वक्ताला क्लास असे उगवत हुते जसा पावसानंतर तरोटा. जिकडं बगावं तिकडं डाक्टर हुनार म्हनून आलेली पोरं. मी त्यांच्या मेसमधी भाकरी थापल्या. थापून थापून कंबर गेली तवा ह्या सरांच्या क्लासमधी चहापान्याला लागले. ल्योक शिकला थोडं, शाळेची गाडी चालवतो. सून मातर डिप्लोमावाली भेटली. आन ती तिच्या तिच्या हिमतीवर ह्याच क्लासमधी लागली. मी चहा न्यायचे तवा ती लोकांसमोर मला "आत्या" म्हनायची आन घरी बी आत्याच. मला ते लई आवडायचं.

तिचं काम काय ते सांगते, मला कळलं तसं. क्लासच्या हरेक मजल्यावर भिंतीशी कपाटात पेट्या हायत, तेला ती स्विच म्हनती. बत्तीच्या बटनाचा स्विच न्हाई, येगळा. समद्या संगनकांच्या तारा त्या पेटीत जातात. आन पेटीला शिकवून ठिवावं लागतं, ही तार परीक्षेच्या खोलीची, ही हापिसाची, ही क्यामेऱ्याची, एकमेकांच्या घरात जायाचं न्हाई. पन गंमत अशी की पेटीला सांगितलं तर ती ऐकती, आन वरून "आता हे ठिवून दे" असं बी सांगावं लागतं. ते न्हाई सांगितलं आन बत्ती गेली की समदं इसरती. कोरी. जशी दुकानातनं आली तशी.

सुनंच्या आदी जो मानूस हुता तेनं समदं शिकवलं, ठिवून दे म्हनलाच न्हाई, आन पगार घिऊन गेला पुन्याला. कुनाला कळायचं कारनच नव्हतं. क्लासला जनरेटर, इन्व्हर्टर, लातूर अंधारात असलं तरी आमच्या पेट्या लुकलुक करायच्या. कवा बंदच पडल्या न्हाईत.

खंडेनवमीपतुर.

सरांच्या घरचं शेतीचं. त्यांच्या वडलांनी खंडेनवमीला नांगर, पाभर, मोटर, समदं धुऊन पुजलेलं. सरांच्या आई म्हनल्या, "तुजं शेत आता हेच. ह्यांलाबी पूज. आन चालू यंत्राला हळद लावत्यात का? बंद कर आदी." सरांनी एकेक बटन बंद केलं. लुकलुक थांबली. मी ताट धरून हुते. हरेक पेटीला कोरड्या फडक्यानं पुसलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. सर बाहेर पायरीवर नारळ फोडून आले. आरती झाली. समदे लई खूश. सरांनी बटनं चालू केली, बत्त्या लागल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी पोरांची संगनकावरची मोठी परीक्षा. पोरं बसली आन परीक्षा उघडंना. नुसतं गोल गोल फिरायचं. आन पेट्या समदं इसरल्या तर भिंती बी गेल्या ना, समदे एकाच घरात आले. पोरांना सापडला हापिसातला छपाईचा प्रिंटर! कुनीतरी एक कागद पाठवला. हापिसात हिशेबनीस बाई बसल्या हुत्या, त्यांच्या म्होरं प्रिंटर आपोआप घर्रर्र करून कागद टाकला: "मेसची भाजी बदला." बाई दचकल्या. दुसरा कागद: "वांगं बास." तिसरा: "सर, तुमी लई भारी दिसता, सुट्टी द्या." मंग काय, थांबंचना! मी चहा घिऊन गेले तर बाई कागदाच्या ढिगात, आन म्हनल्या, "मावशी, ह्याच्यात काय शिरलंय का बघा हो, आज पूजा केली ना!" मी बघितलं. एक कागद माझ्यावर बी हुता. "चहात साखर वाढवा." मी वाढवली.

मला तवा हसू आवरंना आन तिकडं माझी सून पेटीम्होरं जमिनीवर बसलेली, डोळ्यात पानी. परीक्षा झाली न्हाई. गावाकडनं आईबाप फोन करू लागले. सरांनी तिला बोलवलं, मी दारातच हुते, कप उचलायच्या नावाखाली.

"आधीच्या मानसाची चूक असंल, मला मान्य," सर म्हनले. "पण पेटी तुझ्या ताब्यात होती. हिचा बॅकअप कुठं होता?"

"न्हवता सर."

"पुढच्या खंडेनवमीला पूजा होणार. आई ऐकणार नाही, आणि मीपण नाही. परत असं झालं तर मला दुसरं मानूस बघावं लागंल."

घरी आल्यावर ल्योक म्हनला, "माय, हिची नोकरी गेली तर इथलं भाडं माझ्या एकट्याच्यानं हुत न्हाई. गावाकडच्या घरी जावं लागंल." नातीची शाळा हितं.  मी मनात म्हनलं, मी लई घरं बदलली, आता मला चूल हलवायची न्हाई.

बॅकअप म्हंजे नक्कल. तहसिलात काढत्यात तशी. पेटीला जे शिकवलं ते समदं उतरून दुसरीकडं ठिवायचं. एवढंच, पन ते कसं ठिवायचं ह्याच्यावर आमच्या क्लासमधी जी मज्जा झाली ती काय सांगू.

पयला आला पुन्याचा इक्रीवाला. पांढरा शर्ट, उकाड्यात बी गळ्याचं बटन लावलेलं. तेनं पडद्यावर रंगीबेरंगी चक्रं दावली. "मॅडम, तुमच्या सगळ्या डिव्हायसेसचा बॅकअप आमच्या क्लाउडमध्ये. एकदम सुरक्षित. तुम्ही काहीच करायचं नाही."

सूनबाई म्हनली, "आणि आमचं नेटच गेलं तर तुमच्या क्लाउडमधून तो बॅकअप आणायचा कसा?"

"मॅडम, नेट का जाईल?"

"आमच्याकडं खंडेनवमी असती."

तेला कळंना. सर तिकडं खोकल्यासारखं करून हसले. पेटी पेटीमागं वर्साला पैसे हुते, ते ऐकून सर खोकायचे बी थांबले. चहा पिऊन गडी गेला.

मंग आला नांदेडच्या शाखेतला. हदगावचा, उंच, मिशीवाला, लेकराबाळाचा. सुनंला म्हनला, "मॅडम, खाली-पिली झंझट करून राहिल्या तुमी. मी नांदेडला दर शनवारी पेनड्राइव्ह घेऊन जातो, पेटी पेटी फिरतो, नक्कल घेतो. फुकट!"

"दाखवा की मग."

तेनं पेनड्राइव्ह लावला. मी मागंच उभी हुते. सून एकेक नाव वाचू लागली. "नवीन. नवीन नवीन. शेवटची. शेवटची खरी. हेच घ्यावं. हे घेऊ नये." तिनं वर बघितलं. "दादा, ह्यातली आजची कुठली?"

गडी मिशीवरून हात फिरवत म्हनला, "ते... अंदाजानं."

"आणि गणपतीतल्या शनिवारची?"

"गणपतीत कोन नक्कल घेऊन राहिलं, मॅडम!"

मी त्या दिवशी एवढं हसले की ताटातल्या बशा वाजल्या. गडी बी हसला. लई दिलदार मानूस.

शेवटी सुनंनं तिसरंच निवडलं. एक फुकटचा प्रोग्राम हाय म्हने, जगभरातल्या लोकांनी मिळून केलेला. तो एका जुन्या संगनकात बसवायचा. बसवायला तरास हाय, तिचा एक महिना त्यातच गेला, जेवताना बी डोकं तिकडंच, एकदा वरनात साखर घातली. पन एकदा बसला की तो रोज सकाळी आपला आपन उठतो, पेटी पेटीच्या दारात जातो, इचारतो, "काल काय शिकलीस बाई?" पेटी सांगती. तेला कालच्यासारखंच दिसलं तर गप बसतो. काय बदललं असंल तर नवी नक्कल ठिवतो आन सुनंला चिठी धाडतो, ही ओळ गेली, ही आली. मानूस इसरतो, गणपतीला जातो, तेला सनवार न्हाई.

सरांनी इचारलं, "फुकटचं आहे, भरवसा काय?"

ती म्हनली, "सर, विकतच्याचाबी भरवसा मी तपासूनच ठेवला असता. हे कसं चालतं ते मला उघडून बघता येतं. आणि नकलेत पासवर्ड असतात, ते परक्या घरात ठेवायचे नाहीत मला. आपल्याच कुलपात राहतील."

तिनं नेम बी घालून घेतले. पेटीत काय बदल केला की लगीच "ठिवून दे" सांगायचं. हे तिनं कागदावर लिहून हरेक कपाटाच्या दारावर चिटकवलं, लग्नाच्या पत्रिकेवानी लाल अक्षरात. दुसरा नेम, एकच नक्कल एकाच छपराखाली ठिवायची न्हाई. ह्यावर हदगावचा म्हनला, "वरच्या मजल्यावर ठेवा की."

सून माझ्याकडं वळली. "आत्या, भूकंपानंतर तुमचा सातबारा कुठं सापडला होता?"

"औशाला," मी म्हनले. "गावात तर पेटीसकट मातीत गेला. औशाच्या हापिसातनं नक्कल काढली, तवा घर मिळालं."

"ऐकलं, दादा? रोजची नक्कल तुमच्याकडं नांदेडला येणार. आणि तुमची इकडं लातूरला."

"म्हणजे सोयरीकच झाली की," तो म्हनला.

तिसरा नेम मला लई आवडायचा. नक्कल हाय म्हनून गप बसायचं न्हाई, ती कोऱ्या पेटीत उतरवून बघायची. तिनं सरांकडनं एक जादा पेटी मागून घेतली, तळमजल्यावरच्या परीक्षेच्या हॉलच्या पेटीच्याच जातीची. महिन्यातनं एका ऐतवारी ती पिशवीत घालून घरी आनायची. माझ्या वट्यावर, पिठाच्या डब्याशेजारी मांडायची, समदं पुसून कोरी करायची आन नक्कल उतरवायची. पयल्या खेपंला पेटी लुकलुक करंना. दोघं नवरा-बायको पालथे पडून तारा बघू लागले. मी चपात्या लाटत हुते. "काय करलालीस गं?" म्हनलं. ती म्हनली, "आत्या, नकलेत एक ओळच येत नव्हती. बरं झालं आज कळलं." दुसऱ्या खेपंला पेटी लुकलुक करू लागली, तशी नात नाचायला लागली, ल्योक नाचायला लागला, मीबी लाटनं घिऊन दोन पावलं टाकली. शेजारीन खिडकीतनं म्हनली, "काय गं, पोरगा झाला का कुनाला?"

असं वरीस गेलं आन दुसरी खंडेनवमी आली.

सकाळी मी घरच्या जादा पेटीला बी हळद-कुंकू लावलं. सुनंनं ती पिशवीत घेतली. क्लासमधी सरांच्या आई ताट घिऊन तयार. सर सुनंला म्हनले, "करू का बंद?" तिनंच बटनं बंद केली.  पुसून झालं, माळा झाल्या. सर नारळ घिऊन पायरीकडं निगाले तर त्यांच्या आईनं हाक मारली.

"कुठं चाललास?"

"नारळ फोडायला, आई."

"बाहेर फोडून देवाला काय कळायचंय? देवाच्या म्होरं फोड. गेल्या वर्सी बाहेर फोडलास म्हनूनच इघ्न आलं."

सरांनी तळमजल्याच्या पेट्यांच्या कपाटाच्या पायथ्याशी दगड मांडला आन नारळ हानला. मी लई नारळ बघितले, पन असलं पानी कुठल्याच नारळात बघितलं न्हाई. कारंजंच उडालं! सरांच्या चष्म्यावर, माझ्या लुगड्यावर, आन खालच्या फळीवर. खालच्या फळीवर परीक्षेच्या हॉलची पेटी. तिच्या शेजारी नकला ठिवायचा तो जुना संगनक. दोघांच्या बी जाळीतनं पानी आत.

सरांच्या आई म्हनल्या, "शुभ असतंय."

 सून म्हनली, "कुणी कशाला हात लावू नका." आवाज एकदम थंड. तिनं खालच्या फळीवरचं समदं तारा सोडवून बाहेर काढलं, वरच्या पेट्या चालू केल्या. लुकलुक, लुकलुक, समद्यांला समदं याद हुतं. मी सुस्कारा सोडला. पन परीक्षेचा हॉल त्या वल्ल्या पेटीवर, आन जेवण झालं की पोरं येनार. तिनं पिशवीतनं जादा पेटी काढली, माझं कुंकू लावलेली. नकलेत पासवर्ड असतात म्हनून बघून झालं की ती दर खेपंला पुसून ठिवायची, तवा आता फक्त नक्कल पायजे. संगनक तर उलटा ठिवलेला, नारळपानी गळत असलेला. तिनं नांदेडला फोन लावला आन आमाला बी ऐकू यावं असा मोठ्यानं केला.

"दादा, तळमजल्याच्या पेटीची नक्कल पाठवा. आत्ता."

तिकडनं टाळ-घंटा ऐकू आल्या. "मॅडम, आता? इकडं समदं बंद करून ठेवून राहिलो ना! खंडेनवमी काय तुमची एकट्याची हाय?"

आमी एकमेकांकडं बघितलं. वर्सभर यवढा इचार केला, दुसऱ्या गावात ठिवली, कुलपात ठिवली, आन दोनी गावाला सन एकाच दिवशी येतो हे कुनाच्या बी ध्यानात आलं न्हाई! सरांचं तोंड उघडं. आन मला, काय सांगू, पोटातनं हसू आलं. भूकंपानंतर मी कवा एवढी भ्याले नव्हते आन कवा एवढी हसले बी नव्हते, दोनी एकाच वक्ताला. मी तोंडात पदर कोंबला.

सून बी हसायलाच लागली. हसत हसतच म्हनली, "दादा, संगणक चालू करा."

"अहो आरती चालू हाय! माळ घातली त्याला! इथल्या शाखेच्या मोठ्या मॅडम मला मारून टाकतील!"

तेवढ्यात सरांच्या आईनं फोन वढून घेतला. "आरं बाबा, मी सरांची आई बोलते. मी सांगते ना, देव रागवत न्हाई. माळेसकट चालू कर. मी इकडनं हात जोडते."

"आजी, नक्की?"

"कर म्हनले ना! जल्दी!"

फोनमधी आरती चालूच, मधी गड्याचं "सरका, सरका, लातूरवरनं हुकूम हाय", कुनीतरी वरडलं, काहीतरी पडलं, आन मंग संगनक सुरू व्हायचा टिंग आवाज. आमी समदे फोनवर वाकलेले. सरांनी वल्ला चष्मा पुसायचा बी सोडला. मंग सुनंच्या फोनवर नक्कल आली. तिनं आपल्या संगनकावर घेतली, कुंकवाच्या पेटीत उतरवली, तारा लावल्या. "ठिवून दे" सांगितलं, आन आमाला पटावं म्हनून पेटी एकदा बंद करून परत चालू केली. लुकलुक. हॉलमधल्या एका संगनकावर परीक्षेचं पान उघडलं. गोल फिरायचं नाव न्हाई.

पोरं ढेकर देत परत आली, बसली, परीक्षा झाली. त्यांला कायबी कळलं न्हाई. मी परसाद वाटत हुते, खुशीत एकेकाला दोन दोन डाव दिला.

सर सुनंला म्हनले, "पुढच्या वर्षी नारळ बाहेर."

ती म्हनली, "हो सर. आणि एक नक्कल अशा गावात ठेवू, जिथं त्या दिवशी कुणी यंत्र बंद करत नाही."

सरांच्या आई म्हनल्या, "असं गाव असतंय का कुठं?"

तसं गाव सापडायला लई दीस लागले, ते राहू दे. नोकरी राहिली. सरांनी तिला कायम केलं, आन नांदेडच्या बी पेट्या तिच्याच हाताखाली दिल्या. हदगावचा तिला आता बाईसायब म्हनतो, चिडवायला. आमी लातुरातच हाव. चूल हाय तिथंच हाय.

हे वाचनाऱ्याला माझं एकच म्हननं हाय. तुमच्या हापिसात, शाळंत, दवाखान्यात असल्या पेट्या असतील. त्या कोन बघतं तेला आजच इचारा, नक्कल हाय का? हाय म्हनला तर म्हना, एकदा कोऱ्या पेटीत उतरवून दाव.